बास घेताना भोंगा मोजू नका
जुन्या मोठ्या टुबांविषयी वाचकांचे प्रश्न आणि जाणकारांची उत्तरे

तुळशीची लग्ने लागली की सुपाऱ्या सुरू होतात, आणि त्याआधीचे दोन महिने म्हणजे बँडवाल्यांच्या खरेदी-दुरुस्तीचे दिवस. या खेपेला निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या वाचकांनी टुबाबद्दल, म्हणजे पितळी फुंकवाद्यांतल्या सर्वांत खालच्या सुरांच्या वाद्याबद्दल, ताफ्यातल्या बोलीत ‘बास’बद्दल, विचारले आहे. उत्तरांत पट्टी पेटीच्या हिशेबाने दिली आहे: काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी सहा म्हणजे ए. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पिस्टन म्हणजे बोटाने दाबून जास्तीची नळी जोडणारी झडप, स्लाइड म्हणजे नळीचा आतबाहेर सरकणारा भाग, भोंगा म्हणजे वाद्याचे रुंद उघडे टोक.

प्रश्न : कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून तीन पिस्टनचा काळी दोनचा उभा बास आणलाय. वर ‘बूझी अँड कंपनी, लंडन’ असं कोरलंय, बाजूला बाणाची खूण आहे. आवाज मधासारखा, पण क्लॅरिनेटशी काही केल्या जुळत नाही, कायम चढाच. वाद्य बिघडलंय का? मोडीत घालावं म्हणतात काही जण.
— बँडमास्तर, निपाणी

उत्तर : मोडीत अजिबात घालू नका. वाद्य शाबूत आहे, त्याची पट्टी जुनी आहे.

आज पांढरी सहा ४४० हर्ट्झला लावतात. इंग्लंडमध्ये पूर्वी ती ४५२ च्या वर असे, आणि तिथल्या ब्रास बँडांनी ही चढी पट्टी १९६० च्या दशकापर्यंत सोडली नाही. फरक जवळजवळ ४८ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा निम्मा. क्लॅरिनेट आजच्या पट्टीत बनलेले, बास तेव्हाच्या, मग जुळणार कसे? बूझी आणि हॉक्स या दोन कंपन्या १९३० साली एक झाल्या. तुमच्या वाद्यावर नुसते ‘बूझी अँड कंपनी’ आहे, म्हणजे ते त्याआधीचे. बाणाची खूण ही सरकारी मालमत्तेची, तेव्हा वाद्य कधीतरी लष्करी बँडात होते असे समजायला हरकत नाही.

आधी खात्री करून घ्या. दहा मिनिटे फुंकून वाद्य तापवा, कारण थंड बास उतराच बोलतो. सगळ्या स्लाइडी पूर्ण आत ढकला आणि एकही पिस्टन न दाबता मधला ई फ्लॅट धरा. ट्यूनरवर तो १५५.६ हर्ट्झला यायला हवा. चढ्या पट्टीच्या वाद्यावर तो १६० च्या आसपास दिसेल. मोबाइलच्या माइकला सर्वांत खालचा सूर नीट ऐकू जात नाही, म्हणून मधला घ्यायचा. एक ध्यानात असू द्या : स्लाइडी आत असताना नवे वाद्यही पंधरा-वीस सेंट चढे बोलते, तेवढी सवड मुद्दाम ठेवलेली असते. चाळीस-पन्नास सेंट दिसले तर मात्र पट्टीच जुनी.

उपाय हिशेबाचा आहे. ४५२.५ वरून ४४० वर यायचे तर सगळी नळी सुमारे २.८ टक्के लांब करावी लागते. काळी दोनच्या बासची नळी साधारण चार मीटर, म्हणजे वाढ साडेअकरा सेंटिमीटरची. स्लाइडीला दोन पाय असल्याने मुख्य स्लाइड ५.७ सेंमी बाहेर हवी. नेमके इथेच लोक थांबतात आणि मग सूर बिघडला म्हणून ओरडतात. मुख्य स्लाइड ओढली तशा पिस्टनच्या स्लाइडीही त्याच प्रमाणात ओढायला हव्यात : पहिली सुमारे ७ मिमी, दुसरी साडेतीन मिमी, तिसरी ११ मिमी. काळी पाचचा मोठा बास असेल तर त्याची नळी साडेपाच मीटरची, तिथे मुख्य स्लाइड ७.८ सेंमी, पहिली साडेनऊ मिमी, दुसरी साडेचार, तिसरी १५ मिमी.

जुन्या बासची मुख्य स्लाइड बहुधा एवढी बाहेर येत नाही, चार सेंटिमीटरला हातात येते. मग दोन्ही पायांत जोडनळी घालावी लागते. बेळगावच्या उद्यमबागेत पितळी नळी लेथवर लावून देणारे आहेत. त्यांना स्लाइडीचा आतला आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून द्या, ‘अंदाजे असाच’ म्हणून नमुना टाकून येऊ नका. जोडनळीचा आतला व्यास मूळ नळीइतकाच हवा, पायरी राहता कामा नये. पायरी राहिली की त्या जागी हवा अडखळते आणि एखाद-दुसरा सूर डगमगतो. जोड साध्या कथलाच्या डागाने करा. पुढे विकायची वेळ आली तर जोड काढून वाद्य मूळ रूपात देता येते, आणि जुन्या बूझीला मूळ रूपातच किंमत आहे.

पिस्टनच्या मागे आखूड नळ्यांची जास्तीची वेटोळी दिसत असतील तर ती भरपाईची (तिसऱ्या उत्तरातले ‘कॉम्पेन्सेटिंग’). त्यांना हात लावू नका, तिथला फरक दोन-चार मिलिमीटरचा असतो आणि तो ओठांनी सांभाळता येतो.

प्रश्न : मी टुबा शिकतोय. यूट्यूबवर यॉर्क, कॉन, बेसन, अलेक्झांडर अशा जुन्या टुबांची तुलना ऐकतो. प्रत्येक जण ‘मोठी नळी, मोठा आवाज’ म्हणतो, पण ऐकताना तसं वाटत नाही. आवाजातला फरक नक्की कशामुळं?
— विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमचे कान बरोबर आहेत. ‘नळी मोठी’ म्हणताना लोक पिस्टनमधल्या नळीचा व्यास सांगतात, कारण तो कागदावर छापलेला असतो. आवाज त्याहून जास्त ठरतो तो पिस्टनच्या आधीच्या आणि नंतरच्या भागात : माउथपीसला लागून असलेली पहिली नळी किती हळू रुंदावते, खालचे मोठे वळण किती फुगीर आहे आणि भोंग्याचा गळा कुठून सुटतो.

यॉर्कपासून पाहू. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स इथल्या या कारखान्याने १९३३ च्या सुमाराला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासाठी पांढरी एकचे दोन प्रचंड टुबा बनवले. त्यांतला एक टुबावादक आर्नोल्ड जेकब्सने घेतला आणि शिकागो सिंफनीत १९४४ ते १९८८ वाजवला. आज दोन्ही वाद्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्राकडे आहेत, आणि हिर्सब्रुनर, यामाहा वगैरे कंपन्यांनी त्यांवरून नमुने काढले. यॉर्कच्या पिस्टनमधली नळी १९ मिमीच्या आसपास, म्हणजे बऱ्याच जर्मन टुबांपेक्षा लहान. तरी आवाज इतका रुंद का? पिस्टन सोडल्यावर नळी फार झपाट्याने फुगत जाते, खालचे वळण जाडजूड आहे आणि भोंगा वीस इंची. त्यामुळे मूळ सूर आणि त्याच्या लगतचे खालचे उपस्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे सूर) जोरकस येतात, वरचे तीक्ष्ण उपस्वर मागे राहतात. वाजवणाऱ्याला सूर कुठे बसलाय ते समजायला थोडा वेळ लागतो, श्रोत्याला मात्र सभागृहाच्या जमिनीतून आवाज आल्यासारखे वाटते.

जर्मन-बोहेमियन घराणे वेगळे. टुबाचा जन्मच तिकडचा : बर्लिनमध्ये वीप्रेख्त आणि मोरित्झ यांनी १८३५ साली पांढरी चारच्या बास टुबाचे पेटंट घेतले, आणि चेर्वेनीने १८४५ मध्ये बोहेमियात त्याहून खालच्या पट्टीचा मोठा टुबा केला. इथे पिस्टन नसून फिरते, म्हणजे रोटरी वॉल्व्ह. नळी बऱ्याचदा १९.६ ते २१ मिमी, भोंगा मात्र उंच, गळा अरुंद, तोंड १७-१८ इंची. आवाजाला गाभा असतो, कडा स्पष्ट. मैन्झच्या अलेक्झांडरचा १६३ क्रमांकाचा टुबा हा या घराण्यातला सर्वांत रंगेल : मंद फुंकीत मऊ, जोर लावला की ट्रॉम्बोनच्या जवळ जाणारी धार. ज्यांना यॉर्क आवडतो त्यांना ती धार खुपते, आणि उलटही.

बेसन, बूझी हे ब्रिटिश घराणे. उभा भोंगा, वरून दाबायचे पिस्टन, भरपाईच्या नळ्या. जुन्या काळी दोनच्या इंपीरियल बासचा भोंगा १५ इंची होता, पुढे तो १९ इंचांपर्यंत गेला. कोणता चांगला यावर ब्रास बँडवाले अजून भांडतात. आमचा कौल १५ इंचीला. लहान भोंग्यात आवाज गोळा होऊन येतो, गाण्याची चाल वाजवायला तो बास युफोनियमच्या थोरल्या भावासारखा लागतो. १९ इंची साथीला भरदार, पण दोन-तीन एकत्र आले की खालचे सूर एकमेकांत कालवले जातात.

राहिला कॉन. त्यांचा २० जे हा नमुना : काळी पाच, नळी १८.६ मिमी, ६१ सेंमीचा भोंगा आणि तोही समोर वळवलेला. या जातीला ‘रेकॉर्डिंग बास’ म्हणतात. मायक्रोफोन येण्याआधी ध्वनिमुद्रण एका कर्ण्यातून होत असे, आणि वर तोंड केलेला बास त्यात उमटत नसे, म्हणून भोंगा पुढे केला. २० जे च्या पिस्टनांची दाब-लांबी मुद्दाम आखूड ठेवलेली आहे, बोटे भराभर पडतात. वजन मात्र खांद्यावर घेऊन वरातीत फिरण्याचे नव्हे, याला खुर्ची आणि स्टँड हवे.

तुलना ऐकताना एक सांभाळा. माइक भोंग्यासमोर एक मीटरवर असेल तर चारही घराणी सारखीच वाटतात. दहा-बारा मीटरवरचे मुद्रण शोधा, फरक तिथे कळतो.

प्रश्न : आमच्या तीन पिस्टनच्या काळी पाचच्या बासवर खालचा फा आणि त्याखालचा मी भयंकर चढे लागतात. वाजवणारा पोरगा चांगला आहे. चार पिस्टनचा घेतला तर सुटेल का? ‘कॉम्पेन्सेटिंग’ म्हणजे काय?
— ताफा चालक, संकेश्वर

उत्तर : पोराचा दोष नाही, गणिताचा आहे. पहिला पिस्टन नळी सव्वाबारा टक्के वाढवतो, दुसरा सहा टक्के, तिसरा एकोणीस टक्के, आणि ही टक्केवारी उघड्या नळीवर काढलेली असते. पहिला दाबल्यावर नळी आधीच लांब झाली, तिच्यावर तिसऱ्याने आणखी जास्त भर घालायला हवी, पण त्याची नळी तर ठरलेली. म्हणून पहिला-तिसरा एकत्र दाबला की सूर सुमारे ३० सेंट चढतो, तिन्ही दाबले की पन्नासच्या वर. तुमचे फा आणि मी नेमके हेच दोन.

आजच करण्याजोगा उपाय : तिसऱ्याची स्लाइड सहा-साडेसहा सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि नुसता तिसरा कधीच वापरू नका, त्या जागी पहिला-दुसरा घ्या. फा जागेवर येईल, मी बराच सुधारेल. शिवाय पहिल्या पिस्टनची स्लाइड डाव्या हाताशी असेल तर ‘मी’च्या वेळी ती थोडी ओढायची सवय लावा, परदेशी वाजवणारे सर्रास करतात.

चौथा पिस्टन पहिला-तिसऱ्याची जागा घेतो, म्हणजे फा बिनचूक. ‘मी’ला दुसरा-चौथा लागतो आणि तो पंचवीस सेंटांच्या आसपास चढाच राहतो. त्याखाली उतरले की अडचण वाढत जाते. यावर बूझीच्या ब्लेकलीने १८७४ मध्ये तोडगा काढला : शेवटचा पिस्टन दाबला की हवा त्याच्या नळीतून जाऊन परत बाकीच्या पिस्टनांतून फिरते आणि तिथल्या जास्तीच्या आखूड नळ्या आपोआप जोडल्या जातात. हेच कॉम्पेन्सेटिंग. किंमत अशी की हवेला वळणे वाढतात, खालचे सूर किंचित कोंडल्यासारखे लागतात आणि वजन वाढते.

लग्नाच्या ताफ्यासाठी आम्ही चौथ्या पिस्टनच्या मागे लागू नका असेच म्हणू. सिनेमाची गाणी तुमच्या बासला त्या खोलीत क्वचितच नेतात. पैसे घट्ट पिस्टनांवर घाला.

प्रश्न : शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आमचा उभा बास ऐकूच येत नाही. सूझाफोन घेतला तर फरक पडेल? फायबरचा की पितळी?
— मंडळाचे कार्यकर्ते, चिकोडी

उत्तर : सूझाफोन म्हणजे अंगाभोवती वळवून खांद्यावर घ्यायचा टुबा. फरक पडेल, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. खालच्या बी फ्लॅटची लाट सहा मीटर लांब असते. साठ सेंटिमीटरचा भोंगा तिला दिशा देऊ शकत नाही, वर तोंड असो की पुढे, ती चहूकडे पसरते. दिशा मिळते ती पाचशे हर्ट्झच्या वरच्या उपस्वरांना. आणि गोंगाटात कान बास ओळखतो तो या उपस्वरांवरूनच. उभ्या बासचे उपस्वर आभाळात जातात, सूझाफोनचे समोरच्या गर्दीच्या तोंडावर येतात. गंमत अशी की पहिला सूझाफोन, पेपर या अमेरिकन कारखानदाराने १८९३ मध्ये केलेला आणि पाठोपाठ १८९८ मध्ये कॉनने केलेला, वर तोंड करूनच होता. ज्याच्यावरून हे नाव पडले त्या अमेरिकन बँडमास्तर सूसाला आवाज बँडवर छत्रीसारखा पसरायला हवा होता. पुढे तोंड केलेले वाद्य विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले आणि रस्त्यावर तेच टिकले.

जुन्यांत कॉनचा १४ के आणि २० के हे दोन पाहण्यासारखे. दोन्ही काळी पाच, २६ इंची भोंगा, १८.६ मिमी नळी. २० के चे पिस्टन आखूड दाबाचे. आवाज अगदी जवळचा, मग १४ के स्वस्त मिळाला तर तोच घ्या. मात्र हे आपल्याकडे क्वचित येतात. मेरठच्या जली कोठी भागात बनलेला सूझाफोन घेताना भोंग्याची झिलई पाहू नका, सहाव्या प्रश्नातली तपासणी करा. एकाच नमुन्याच्या दोन वाद्यांत पत्र्याची जाडी आणि पिस्टनचा घट्टपणा कमी-जास्त असतो, म्हणून दोन-तीन वाजवून निवडा.

फायबरचा सूझाफोन नऊ-दहा किलोचा, पितळी त्याच्या दीडपट तरी. चार तासांची मिरवणूक आणि वाजवणारा सतरा-अठरा वर्षांचा असेल तर हा फरक आवाजाहून मोठा आहे. फायबरचा आवाज कोरडा, लांबवर कमी पोचतो. पण थकलेल्या पोराच्या हातातल्या पितळी वाद्यापेक्षा तो बरा. तडा गेला तर मोटारीच्या बॉडीचे काम करणारा रेझिन लावून देतो, तडा बहुधा भोंगा जिथे बसतो त्या गळ्याशी जातो.

पंचवीस जणांच्या ताफ्याला एक बास पुरत नाही. दोन घ्या, दोघांनी श्वास आळीपाळीने घ्यायचा. आणि पुढे डीजेची भिंत लावलेली असेल तर कुठलाच टुबा तिच्यापुढे टिकणार नाही, त्यासाठी वाद्य बदलू नका, दोन चित्ररथांमधले अंतर वाढवून घ्या.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या वरातीला पिस्टन अडकतात. दुपारी ठीक. तेल रोज घालतो.
— बासवादक, खानापूर

उत्तर : कुठले तेल ते लिहिले नाही, पण खोबरेल असणार. ते २४ अंशांच्या खाली थिजते, आणि खानापूरची पहाट त्याहून पुष्कळ थंड. पिस्टन काढा, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने आतबाहेर धुवा, सुती फडक्याने पुसा आणि पिस्टनचे पातळ तेल घाला. ते नसेल तर शिलाई मशीनचे तेल चालते, झिजलेल्या जुन्या पिस्टनला तर ते जरा जास्तच मानवते. पिस्टनांची अदलाबदल होऊ देऊ नका, प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो. स्लाइडींना व्हॅसलीन पुरे.

प्रश्न : जुना मोठा बास विकत घेताना काय तपासावं? एकाला खाली मोठा पोचा आहे, तांबटाकडून काढून घेतला तर चालेल?
— वाचक, कागवाड

उत्तर : पोच्यावरून किंमत पाडून मागा आणि तो पोचा तसाच राहू द्या. खालच्या मोठ्या वळणातला तळहाताएवढा, पण खोल नसलेला पोचा आवाजात ऐकू येत नाही. पिस्टनच्या आधीच्या अरुंद नळीत हरभऱ्याएवढा पोचा मात्र दोन-तीन सूर खराब करतो. जिथे नळी बारीक तिथे पोचा महाग, हा नियम.

तांबटाचा हात कसबी असतो, पण त्याची सवय हंड्या-घागरीच्या जाड पत्र्याची. टुबाचा पत्रा अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा. बाहेरून ठोकून तो ताणला जातो, कडक होतो आणि पुढच्या खेपेला तडकतो. वाद्यदुरुस्ती करणारे आतून पोलादी गोळे घालून हळूहळू पोचा उचलतात. निसटलेला टेकू तांबटाकडून कथलाच्या डागाने बसवून घ्यायला हरकत नाही, कथील-शिशाचा डाग १९० अंशांपर्यंत वितळतो आणि पितळेला काही होत नाही. गॅस वेल्डिंग नको. पितळ ९०० अंशांच्या पुढे वितळते आणि त्याच सुमाराला त्यातले जस्त उकळून धूर होते. नळीला भोक पडते, धूर फुफ्फुसात जातो.

तपासणी अशी. प्रत्येक पिस्टनची स्लाइड, पिस्टन न दाबता, दोन बोटे बाहेर ओढा आणि मग पिस्टन दाबा. ‘पट्’ असा ठसठशीत आवाज आला तर पिस्टन घट्ट. काहीच आवाज नाही, तर हवा झिरपते. तीनपैकी एक ढिला असेल तर वाद्य घेता येते. तिन्ही ढिले असतील तर सोडा, पिस्टनवर पुन्हा मुलामा चढवून घासून बसवण्याचे काम इथे जवळपास होत नाही आणि खर्च वाद्याच्या किमतीला भिडतो. मग मुख्य स्लाइड काढा. ती पिस्टनांनंतर असेल तर तिथली नळी तळहाताने बंद करून फुंका. हवा जात असेल तर जोडांवर साबणाचे पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. कुठेच बुडबुडा नाही आणि हवा तरी जातेच, तर ती पिस्टनांतून.

पाणी सोडण्याच्या चावीखालचे बूच बघायला विसरू नका. ते झिजले की खालचे सूर फाटतात, आणि लोक त्या पाच-दहा रुपयांच्या बुचापायी बास विकतात.

पिस्टनाखालचे आणि वरचे नमद्याचे तुकडेही पाहा. नमदा दबला किंवा ओलाव्याने फुगला की पिस्टनातले छिद्र नळीसमोर येत नाही, एक-दीड मिलिमीटर वरखाली राहते. वाद्य ‘जड’ लागते आणि सगळे फुंकणाऱ्याला दोष देतात. स्लाइड काढून आत टॉर्च मारा, पिस्टन दाबून धरा : छिद्राची कड चंद्रकोरीसारखी दिसली तर नमदा बदलायचा. अडकलेली स्लाइड पक्कडीने ओढू नका. जोडावर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी जोड गरम पाण्याच्या फडक्याने शेका आणि स्लाइडीच्या वळणातून सुती पट्टा घालून सरळ रेषेत झटका द्या.

प्रश्न : गणपतीआधी बास चिंच-मीठ लावून लखलखीत करतो. आता पहिल्या नळीवर गुलाबी ठिपके आलेत.
— वादक, येळ्ळूर

उत्तर : चिंच बंद. आंबट आणि मीठ मिळून पितळेतले जस्त खातात, उरतो तो ठिसूळ तांब्याचा गुलाबी जाळीदार थर. शिवाय मीठ डागांच्या फटीत बसून राहते. पण तुमचे ठिपके पहिल्या नळीवर आहेत, तिथे फुंकीतला ओलावा रोज साचतो, म्हणजे कीड आतूनही लागली असावी. नखाने दाबून पाहा. ठिपका खोलगट किंवा मध्ये काळा असेल तर नळी बदलावी लागेल. बदलताना जुनी नळी नमुन्याला जपून ठेवा, कारण तिचा निमुळतेपणाच त्या वाद्याचा स्वभाव ठरवतो. सरळ नळी लावली तर वाद्य परके होईल. यापुढे वाजवून झाल्यावर पाणी काढायचे, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आतून धुवायचे. बाहेरून पितळेचे पॉलिश, तेही लाखेचा थर नसेल तरच.

प्रश्न : जुन्या इंग्लिश बासमध्ये नवा माउथपीस नीट बसत नाही, हलतो. कागद गुंडाळून चालवतोय. चालेल?
— वाचक, हुक्केरी

उत्तर : कागद भिजतो आणि लगदा नळीत जातो. दोन थर टेफ्लॉन टेप लावून एखादी सुपारी निभावून न्या, त्याहून जास्त नको.

माउथपीसची दांडी सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर आत जायला हवी. जुन्या ब्रिटिश बासचे तोंड (दांडी बसते ती नळी) आजच्यापेक्षा अरुंद, त्यामुळे नवी दांडी जेमतेम सेंटिमीटरभर जाऊन थांबते. हलते, आणि सगळा सूर उतरतो. दांडी लेथवर कमी करून घ्या. निमुळतेपणा २० मिमी लांबीला १ मिमी असा ठेवायला सांगा, आणि टोकाशी पितळ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ देऊ नका. वाद्याचे तोंड मात्र रीमरने मोठे करू नका, ते परत लहान होत नाही. याउलट दांडी बारीक आणि तोंड मोठे, असे जुन्या जर्मन टुबांवर होते. तिथे पितळी बाही करून दांडीवर चढवायची, डाग न लावता, म्हणजे तोच माउथपीस दुसऱ्या बासलाही चालतो.

वाटीचा व्यास ३२-३३ मिमी पुरेसा. खोल वाटी घेतली की आवाज गोल होतो, पण जुना १५ इंची काळी दोनचा बास खोल वाटीत सुस्तावतो. त्याला मध्यम खोलीची द्या.